मागच्या सीटचं वजन

मोटारसायकल बघायला दोघं गेली ती एका रविवारी सकाळी, चहा-नाश्ता आटोपून, अगदी निवांत. नवरा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायच्या कामाला होता. कारखाना गावाबाहेर हलला होता आणि तिकडची बस मनात आलं तर यायची. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली बघायची ठरली.

गाडी एका निवृत्त ग्रंथपालाची होती. त्यांनी ती पुस्तकाला घालावं तसं कव्हर घालून ठेवली होती. रंग जुना, पण कुठे ओरखडा नाही. बायको घरी शिवणकाम करायची, त्यामुळे तिची नजर आधी सीटच्या शिवणीवर गेली. पुढचा भाग झिजलेला होता, ते साहजिकच होतं. पण मागचाही तेवढाच दबलेला होता.

"एकच सांगतो," ग्रंथपाल म्हणाले, "दुसऱ्या गिअरला जरा सांभाळून घ्या."

"म्हणजे काय होतं?" नवऱ्याने विचारलं.

"होत काही नाही... सवय होईल." मग ते तिच्याकडे वळले. "तुम्ही बसणार ना मागे?"

"बसणार की. नाहीतर यांना रस्ता कोण दाखवणार?"

नवरा हसला. ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, काळजी मिटल्यासारखी.

ती मागे बसली, उजवा हात सवयीने त्याच्या खांद्यावर ठेवला आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी घरी आली. उतरताना तिने मागचा फुटरेस्ट दुमडून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागू नये म्हणून ती तो नेहमीच दुमडायची.

गाडीचा स्वभाव कळला सोमवारी. नवरा एकटा कामावर गेला आणि घामाघूम होऊन परतला. पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की गिअर बसल्यासारखा वाटायचा आणि भार पडताच खट् करून सुटायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागच्या जागी. वर न्यूट्रलचा हिरवा दिवा वाटेल तेव्हा लागायचा. "हा दिवा आणि आमचा मॅनेजर," नवरा म्हणाला, "दोघांवर विश्वास ठेवायचा नाही." हळूहळू त्याने युक्ती शोधली. दांडी पंजाने वर उचलायची, तशीच धरून ठेवायची, क्लच अर्धा सोडून मनात दोन आकडे मोजायचे. तरी दहांतून चारदा सुटायचाच. आणि रविवारी ती मागे बसली की एकदाही नाही.

मिस्तरीने गाडी इकडून तिकडून बघितली. "मागे वजन पडलं की चेन ताणते, म्हणून गिअर धरतो. वहिनी, रोज कारखान्यात जा तुम्ही यांच्याबरोबर."

"मग शिवायला कोण बसणार, तुम्ही?"

मिस्तरी हसला. पण नवरा पक्का कारागीर. त्याने मागे चाळीस किलोचं पिठाचं पोतं बांधून बघितलं. गिअर सुटला. पोतं साठ किलोचं केलं, तरी सुटला. मिस्तरीने डोकं खाजवलं. "मग हिला माणूसच लागतं," तो म्हणाला आणि तिघंही हसली.

तिचं शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतं. सुई कधी बोथट झाली, दोरा कधी तुटणार, हे तिला आवाजावरून कळायचं. तसा गाडीचाही आवाज तिच्या कानात बसला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी पाण्याच्या टाकीपाशी चढाला लागायची. घर्र... खट्... पुन्हा घर्र. चढ संपला की बंद पडलेल्या छापखान्याचं वळण. तिथे वेग कमी व्हायचा, मग पन्नास पावलांचा सपाट रस्ता, त्यात आणखी एक खट्, आणि फाटक. तो दुसरा खट् ऐकला की ती चहाचं आधण ठेवायची.

दीड महिन्याने एका मंगळवारी चढावरचा खट् आलाच नाही.

तिने यंत्र थांबवलं. गाडी चढ सरळ, एका श्वासात चढून आली. रविवारी ती मागे असताना चढायची तशी. वळणावर आवाज अगदी खाली गेला, क्षणभर थांबला. मग पन्नास पावलांत नेहमीसारखा खट्. आणि फाटकात नवरा, एकटा.

"आज कोणी होतं का बरोबर?" तिने कप पुढे करत सहज विचारलं.

"कोण असणार?"

"नाही, गिअर सुटला नाही चढावर."

"अगं, सुधारतेय गाडी. हात बसला माझा."

मग वळणानंतर का सुटला? असं मनात म्हणत तिने त्याचा कप पुन्हा भरला. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. चढावर मागे कोणीतरी होतं, छापखान्याशी उतरत होतं, आणि नवरा बिनघोर चेहऱ्याने घरात येऊन चहा मागत होता.

बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याचे खिसे धुण्यापलीकडे कधी तपासले नव्हते. आता ती रोज सकाळी गाडी पुसताना फुटरेस्ट दुमडलेला आहे याची खात्री करायची. संध्याकाळी डावीकडचा उघडा असायचा. फक्त डावीकडचा. एका अंगाला पाय सोडून बसणारीला तेवढाच लागतो. तीही तशीच बसायची.

शुक्रवारी शर्ट धुवायला घेतला, तर उजव्या खांद्यावर तेलकट डाग. तिने नाकाशी नेला. डोकं दुखल्यावर कपाळाला चोळतात त्या मलमाचा उग्र, गारेगार वास. त्यांच्या घरात ते मलम कधीच येत नव्हतं. नवऱ्याला त्या वासाने शिंका येत.

त्या रविवारी नवऱ्याने गाडी बाहेर काढली. "चल, चक्कर मारून येऊ."

"मला शिवण आहे."

पुढच्या रविवारीही शिवण होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "नक्की काय बिनसलंय तुझं?"

तिने आदल्या दिवशीचा शर्ट त्याच्यासमोर टाकला. उजव्या खांद्यावर तोच डाग होता. "हा हात कुणाचा?"

"माझ्या खांद्यावर तुझ्याशिवाय कुणाचा हात असणार?"

"मी तीन आठवडे गाडीवर बसलेली नाही, अहो."

त्याने डागावरून अंगठा फिरवला. रागावेल, आवाज चढवेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "खोटं वाटेल तुला. पण चढावर मला... खांदा जड लागतो. मला वाटायचं, दिवसभर भिंगं घासून अवघडला असेल."

तिला ते खोटंच वाटलं. माणूस इतक्या साळसूद चेहऱ्याने खोटं बोलतो, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

सोमवारी दुपारी ती ग्रंथपालांकडे गेली. गाडीची दुसरी किल्ली मागायची, हे निमित्त. खरं तर तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की गाडी आपोआप सुधारू शकते, तिचा नवरा खरं बोलतोय.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रं होती. दुसरी रिकामी, पुसलेली. ग्रंथपाल उभेच राहिले, त्या खुर्चीवर बसले नाहीत, तिलाही बस म्हणाले नाहीत.

"गाडी ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "दुसरा गिअर सुटतो अजून?"

"नाही. आता सुटत नाही."

त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायला ती वाकली, तेव्हा तिला फळीवरची चपटी डबी दिसली. डबीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. तोच वास... गार, उग्र.

"हे मलम..."

"माझ्या बायकोचं. तिचं डोकं फार दुखायचं. सोळा वर्षं रोज तिला शाळेत सोडायचो, रोज आणायचो. मी एकटा ती गाडी कधी चालवलीच नव्हती हो. ती वारली, आणि दुसऱ्याच दिवसापासून दुसरा गिअर सुटायला लागला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलं होतं. "चार महिने सुटत होता. मग एक दिवस सुटेनासा झाला."

"मग?"

"म्हणून तर विकली."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. तिला ती फार लांबून आल्यासारखी वाटली.

"गाडी माझ्या हातून गेली की संपेल, असं वाटलं होतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही होतातच मागे. जागा भरलेली होती... तुमच्या दारापर्यंत येते का?"

"वळणापर्यंत."

"आमच्याकडेही आधी वळणापर्यंतच यायची." ते तिला दारापर्यंत सोडायला आले. "ताई, एक ऐका. मागे बसणं सोडू नका. एक रविवारसुद्धा रिकामा जाऊ देऊ नका."

तिने तीन रविवार जाऊ दिले होते. रस्त्याने चालताना ती ते पुन्हा पुन्हा मोजत होती. रुसव्याचे तीन रविवार. नवरा खरं बोलत होता, याने हलकं वाटायला हवं होतं. एखादी जिवंत बाई असती तर तिला खडसावता आलं असतं, तिच्या घरी जाऊन चार शब्द सुनावता आले असते. इथे काय करायचं? आपली जागा आपण जाऊन धरायची, एवढंच तिला सुचलं.

सहा वाजता ती छापखान्याच्या वळणावर जाऊन उभी राहिली. उजेड होता, पण तो मावळतीचा उजेड, ज्यात सगळ्या भिंती एकाच रंगाच्या दिसतात. बंद दारातून अजूनही शाईचा आंबूस वास येत होता. खाली टाकीपाशी गाडी चढाला लागली. पहिला गिअर. दुसरा. घर्र... सलग, गुळगुळीत, न तुटणारा आवाज.

गाडी वर आली. नवरा एकटा होता. मागची सीट रिकामी होती, आणि दबलेली होती. वळणावर त्याने वेग कमी केला. मग मागचा भाग हलकेच वर आला, कोणी उतरल्यावर येतो तेवढाच. सीटचं कातडं फुगून सरळ झालं.

"अरे, तू इथे?" नवरा आनंदाने म्हणाला. "रुसवा गेला वाटतं!"

"बसू द्या मला. घरापर्यंत."

डावा फुटरेस्ट उघडाच होता. ती बसली. सीट कोमट होती. तिने उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. बोटांना ओलसर, गार काहीतरी लागलं. तिने हात काढला नाही. उलट घट्ट धरला.

नवऱ्याने पहिला गिअर टाकला. दांडी उचलली, दुसरा टाकला.

खट्.

इंजिन बोंबललं, गाडी मेल्यासारखी घरंगळली. मागे वजन होतं. ती होती. रविवारी तिच्या वजनाने न चुकता धरणारा गिअर आज सुटला होता, जणू मागे कोणी बसलेलंच नव्हतं.

"परत टाका," ती म्हणाली.

खट्.

"परत."

खट्.

"काय झालं हिला?" नवरा पुटपुटला. मग मान अर्धवट वळवून त्याने विचारलं, "बसलीस ना गं तू?"

"बसले आहे की!"

"मग बोल ना... मला वाटलं, उतरलीस." त्याने डाव्या हाताने आपला खांदा चाचपला. त्याची बोटं तिच्या बोटांवरून गेली आणि तिथे थांबली नाहीत.

त्या रात्री तिने गिअरचंच निमित्त पुढे केलं आणि दोघांनी ठरवलं, गाडी विकायची. मिस्तरी परवा गिऱ्हाईक घेऊन येणार होता. मंगळवारी नवरा बसने जाणार होता, पण बस आली नाही. "शेवटचंच," म्हणाला आणि गाडी काढली.

संध्याकाळी ती यंत्राशी बसली. शिवत नव्हती, नुसती बसली होती. गाडी टाकीपाशी चढाला लागली. खट् आला नाही. चढ संपला. ती वळणाची वाट बघू लागली... तिथे थांबेल, आवाज खाली जाईल, मग पन्नास पावलांत सुटेल.

वळणावर आवाज खाली गेला नाही. गाडी तशीच पुढे आली. पन्नास पावलं सलग, एकसारखी, आणि फाटकात बंद झाली.

मग एक बारीक आवाज झाला. फुटरेस्ट दुमडल्याचा, जपून, कुणाच्या नडगीला लागू नये म्हणून दुमडतात तसा.

दार उघडलं. नवरा आत आला, चपला काढल्या. "चहा टाकतेस ना?" त्याने विचारलं. चेहरा रोजचा, बिनघोर. दार लोटायला त्याने हात मागे नेला. आणि एका माणसाला आत यायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, काही लक्षात न येता, तो दार धरून उभा राहिला.