निरोगी तोंडाचा नमुना

दंत-दवाखान्याचे दार आल्वारच्या हातून सुटले आणि थेट सिग्रिदच्या कॉफीवर आदळले.

"अरेरे… माफ कर!" तो निथळत म्हणाला. हातात अर्धवट मिटलेली छत्री.

"योतेबोरीच्या नोव्हेंबरात छत्री? बाहेरगावचा दिसतोस. आमचा वारा अशा छत्र्या नाश्त्याला खातो."

"इथलाच आहे. छत्री माझ्यासाठी नाही — हिच्यासाठी." त्याने काखेतली ट्रंपेटची पेटी थोपटली.

पाचच मिनिटांनी तो तिच्याच खुर्चीत आडवा होता. सिग्रिद हिरड्यांतील जिवाणूंची अभ्यासक. आल्वार वाद्यवृंदातला ट्रंपेटवादक, लहानपणापासूनचा मधुमेही, तिच्या संशोधनातला नवा रुग्ण. दात आणि हिरडी यांमधल्या फटीत कागदाची बारीक काडी सरकवून ती नमुना घेई, आणि समोरच्याचे तोंड उघडे असतानाच प्रश्न विचारण्याची तिच्या व्यवसायाची पुरातन खोड तिलाही होती.

"लग्न झालंय?"

"आं… आं…"

"म्हणजे झालंय?"

त्याने डोळ्यांनी नकार दिला — आणि ते डोळे मग तिच्यावरून हललेच नाहीत.

साखर हिरड्या कुजवते, कुजक्या हिरड्या साखर चढवतात. परस्परांना इतक्या निष्ठेने पोसणारे दुसरे जोडपे सिग्रिदच्या पाहण्यात नव्हते. संशोधनात दोन गट होते. एकाच्या हिरड्यांची खोल सफाई ताबडतोब. दुसऱ्याची वसंतात, म्हणजे तोवर काय काय बिघडते ते मोजता येईल. आल्वार दुसऱ्या गटात होता. संमती त्याने दिली होती. पहिल्याच नमुन्यात दात सैल करणारे जिवाणू निघाले, हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

"समोरचा दात हलतोय गं," डिसेंबरात ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला. "फुंकताना कळतं. थांबू ना वसंतापर्यंत?"

"थांब… नियम आहे."

"तू म्हणतेस तर थांबतो." आणि त्याने तिचे चुंबन घेतले, पावसाने गारठलेले ओठ, कॉफीची चव.

दुसऱ्या दिवशी ती प्राध्यापकाकडे गेली. इथे स्वीडनमध्ये प्राध्यापकालाही एकेरीत, नावानेच हाक मारतात. समतेचा हा देखावा नकार मिळेपर्यंत टिकतो.

"योरान, त्याचा दात हलतोय."

"हलू दे. तेच तर मोजतोय आपण."

प्रयोगशाळेत एक प्रथा होती. तुलनेसाठी निरोगी तोंड लागे. ते कर्मचाऱ्यांनीच पुरवायचे. दर सोमवारी सिग्रिद स्वतःचा नमुना देई. जानेवारीत तिचा नमुना वाढवायला ठेवलेल्या काचेच्या थाळीवर काळे ठिपके उमलले. तिने त्यांची जनुकीय वंशखूण रुग्णांच्या नमुन्यांशी जुळवली. जिवाणू आल्वारचे होते.

थाळी फेकून देता आली असती. कुणाला कळले नसते. पण संशोधकाशी असे नाते निघाले, की रुग्ण नियमाने बाद. आणि बाद झालेल्याची सफाई लगेच. ज्या नियमाने त्याला अडवले, त्याच नियमाने तो सुटणार होता. तिने थाळी योरानच्या टेबलावर ठेवली.

"हे माझ्या तोंडातले. आधी त्याच्या तोंडात होते. कसे आले, तेही सांगू?"

योरानचा चेहरा उतरला. "मूर्ख बाई! चांगला रुग्ण घालवलास."

तिची नोकरी गेली. आल्वारची सफाई झाली; समोरचा दात मात्र काढावाच लागला.

मार्चमध्ये तो त्याच थांब्यावर भेटला. पाऊस होताच.

"खोटा दात बसवलाय," तो म्हणाला. "सूर बसत नाही. वाद्यवृंदाने दुसरा वादक घेतला." मग तिच्याकडे वळून, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या नमुन्यापासून…"

"आणि मला म्हणालीस, थांब."

"आल्वार, माझं प्रेम आहे तुझ्यावर —"

"ठाऊक आहे. थाळीवर पुरावाच दिलास की." तो हसला, ओठ न उघडता.

ट्राम आली. चढण्यापूर्वी त्याने छत्री तिच्या हातात दिली.

"ठेव तुला. मी भिजलो तर काही बिघडत नाही… आणि ट्रंपेट आता घराबाहेर पडत नाही."