एकाही पर्यटकाला इजा नाही

दिवा असू द्या तसाच. दार मात्र लावू नका. आमच्या घरात हल्ली कुठलंच दार लावत नाहीत. का, ते सांगतो. मधे प्रश्न विचारू नका; प्रश्न विचारायची सवय माझी, आणि तीच अंगाशी आली.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. लेकीने ठरवलं होतं की या उन्हाळ्यात आईला समुद्र दाखवायचा, आणि तोही दक्षिण युरोपातला, निळाशार, चित्रातल्यासारखा. आमच्या हिने जन्मभर शाळेत नकाशावर पट्टी ठेवून तो किनारा पोरांना दाखवला होता, पाऊल काही कधी ठेवलं नव्हतं. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली आणि त्या जागी लॅपटॉप आला. ही चष्मा पुसून बसली. नात, चिंगी, माझ्या मांडीवर.

"बाबा, तुम्ही फक्त बघायचं," लेक म्हणाली. "बोलायचं नाही."

"यांना स्वर्गात नेलं तरी दारात थांबून विचारतील, बांधकामाचा ठेका कुणाला दिला होता," ही म्हणाली.

दोघी हसल्या. मीही हसलो. तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाबरोबर सहलीला जाणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. एकदा धरण बघायला गेलो, तर मी ठेकेदाराशी भांडत बसलो आणि ही लेकीला घेऊन दिवसभर बसमध्ये.

एक घर लेकीच्या मनात भरलं होतं. टेकडीच्या उतारावर, पांढरं, गच्चीवरून थेट समुद्र. ते भाड्याने देणाऱ्या कंपनीची बाई फोनच्या कॅमेऱ्यातून आम्हाला घर फिरवून दाखवणार होती. मी सवयीने रेकॉर्डिंग चालू केलं. कुणाचंही बोलणं मी तसं सोडत नाही.

बाई गोड होती. खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली. गच्चीवर फोन जरा जास्त वळला आणि घरामागची टेकडी दिसली. काळी. झाडांचे नुसते खुंट, जळक्या काड्या रोवून ठेवल्यासारखे. बाईने झटकन फोन समुद्राकडे फिरवला.

"मागे काय झालं?" मी विचारलं.

"बाबा!"

"छाटणी," बाई म्हणाली. "दर वर्षी करतो."

मग जिना उतरून ती खालच्या बोळात आली. म्हणजे पुरती आली नाही. शेवटच्या पायरीवर थांबली आणि हात लांब करून तिथूनच दाखवू लागली. बोळ उन्हाने पिवळा पडलेला, जुना. एकच भिंत ताज्या गिलाव्याची, डोळ्यांत खुपेल इतकी पांढरी.

तेव्हा तो आवाज आला. बोटांनी दार वाजवल्याचा नव्हे. उघडा तळहात भिंतीवर आपटावा तसा. दमलेला. थांबून, पुन्हा एकदा.

"कोण आहे?" चिंगीने विचारलं. पोरं विचारतात तसं, सहज.

"पाण्याचे पाइप," बाई म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. "जुनं घर आहे ना."

चिंगीने आपला चिमुकला तळहात टेबलावर आपटला. दोनदा. आणि पडद्यातून उत्तर आलं. दोनदा.

फोन बंद झाला. म्हणे रेंज गेली.

"अहो, गॅसवर काही ठेवलंय का?" हिने मान वर करून विचारलं. "जळल्याचा वास येतोय."

मी स्वयंपाकघरात जाऊन आलो. शेगडी थंड होती.

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. बाईच्या आवाजामागे, अगदी मागे, कुणीतरी खोकत होतं. एक जण नव्हे. एकीचा खोकला थांबला की दुसरीचा सुरू, जणू एकच श्वास वाटून घेत होत्या. बायकांचा खोकला, हे मला का वाटलं ते विचारू नका. वाटलं.

मग मी माझ्या धंद्याचं काम केलं. जुने अंक काढले. गेल्या उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर वणवा पेटला होता. आमच्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर, कोपऱ्यात बातमी होती. शेवटचं वाक्य: 'एकाही पर्यटकाला इजा नाही.'

हे वाक्य मी ओळखतो. कितीतरी बातम्यांच्या शेपटाला ते लटकलेलं पाहिलंय. कारखान्यात स्फोट होतो आणि एकही अधिकारी जखमी नसतो. अशा वाक्याने बातमी संपते आणि खरी बातमी तिथेच सुरू होते. पर्यटकाला नाही, तर मग कुणाला?

तिथल्या एका लहानशा वर्तमानपत्राचा बातमीदार शोधून त्याला फोन लावला. मोडक्या इंग्रजीत बोलत होता, पण धंदा एक असला की भाषा अडत नाही. घरं झाडायला, चादरी बदलायला कंपनी लांबून बायका आणायची. कागदोपत्री त्या कुठेच नव्हत्या. कामाच्या दिवसांत त्या घराच्या तळघरात झोपायच्या. बाहेर पडून पाहुण्यांच्या नजरेस येऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप असायचं. वणवा खाली आला तेव्हा पाहुण्यांसाठी गाड्या आल्या. घर वाचलं. धूर मात्र तळघरात भरला.

"किल्ली?" मी विचारलं.

"किल्लीवाला पाहुण्यांच्या गाडीत बसून गेला."

"मग तू छापलं का नाहीस?"

तो कडवट हसला. "आमच्या पहिल्या पानावर कुणाची जाहिरात असते, ओळख."

मी सगळं लेकीला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "बाबा, हे कुठे छापून आलंय?"

"नाही."

"तुम्हीच शिकवलंत ना, छापून येत नाही तोवर ती बातमी नसते, अफवा असते? तुम्ही आणा छापून. मी त्याच दिवशी तिकिटं रद्द करते. पण आईची ही पहिली सुट्टी तुमच्या नुसत्या संशयावर मी मोडणार नाही."

बरोबर बोलली. मी मजकूर लिहिला. आडवातिडवा नाही, पुरावा आहे तेवढाच. घेऊन संपादकाकडे गेलो. वयाने माझ्या लेकीएवढा; मला काका म्हणतो, मी त्याला साहेब म्हणतो, आणि दोघांनाही त्याचा अर्थ कळतो.

त्याने वाचलं. चेहरा वाकडा केला. "काका, सुट्टी विशेष पुरवणीचं शेवटचं पान याच कंपनीचं आहे."

"ते मला माहीत आहे, साहेब. त्या कोंडून मेल्या."

"कुठे? हजारो मैलांवर. यात एक तरी आपला माणूस आहे का?"

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. शाईचा पेन उडून खाली पडला. "त्यांनी 'पर्यटक नाही' म्हटलं, तू 'आपला नाही' म्हण. मग तुझ्यात आणि त्या किल्लीवाल्यात फरक काय?"

"पुरवणी निघू दे. नंतर बघू," तो शांतपणे म्हणाला आणि माझे कागद खणात ठेवले. त्या खणात काय काय पुरलंय, मला ठाऊक आहे.

पुरवणी निघाली. शेवटच्या पानावर ते पांढरं घर होतं.

आणि त्या गेल्या. लेक, ही आणि चिंगी. मी गेलो नाही. म्हटलं, छापून आणतो आणि तुम्हाला परत बोलावतो. विमानतळावर हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं जशी बघत आली होती तशी.

पोचल्यावर हिचा फोन आला तेव्हा इथे कातरवेळ झाली होती. आवाज मुलीसारखा झाला होता. "अहो, निळा म्हणजे किती निळा! नकाशात खोटा रंग देतात हो." लेक सामान आणायला गावात गेली होती. "ही घ्या, चिंगीला बोलायचंय. मी गच्चीवरचे कपडे काढते."

चिंगी बोलू लागली. शंख सापडला, पाय भाजले. बोलता बोलता तिचा आवाज बदलला, भोवती घुमू लागला. बंद जागेत घुमतो तसा.

"चिंगे, कुठे आहेस तू?"

"खाली."

"वर जा. आजीकडे जा."

"इथे काकू आहेत, आजोबा... दार निळं आहे. जळका वास येतोय."

तिथे दार नव्हतं. मी पाहिलं होतं. पांढरी भिंत होती.

"चिंगे, ऐक..."

"त्या विचारतात..." ती कुजबुजली. फोनमध्ये तो खोकला आता मागे नव्हता. अगदी जवळ होता. "विचारतात, छापून आलं का?"

मी उभ्या आयुष्यात खोटी बातमी दिली नाही. त्या क्षणी दिली.

"हो. सांग त्यांना. आलं छापून. आता तू वर जा."

तिने सांगितलं. कुठल्या भाषेत सांगितलं, देव जाणे. मला त्यातला एक शब्द कळला नाही. खोकला थांबला. इतकी शांतता झाली की मला माझंच घड्याळ ऐकू यायला लागलं.

मग चिंगी म्हणाली, "आजोबा... त्या म्हणतात, वाचून दाखवा."

माझ्याकडे मजकुराची प्रत होती. मी वाचली. उभा राहून वाचली. दाराला बाहेरून कुलूप होतं, वाचलं. गाड्या पाहुण्यांसाठी आल्या, वाचलं. 'मृत स्त्रियांची नावं समजू शकली नाहीत' या वाक्याशी आलो, आणि भिंतीवर तळहात पडला. एक. मग कितीतरी. मग फोन बंद.

मी वेड्यासारखा फोन करत राहिलो. शेवटी हिने उचलला. "अहो, काय झालंय काय? बोळात बसून खेळत होती. भिंतीला टेकून. दार? कसलं दार? सरळ भिंत आहे, कुठे साधी चीरसुद्धा नाही."

मी कसंबसं सांगितलं. हिने चिंगीला जवळ बोलावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "आम्ही येतो." कारण काय, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली की पोरीच्या नखांत पांढरा गिलावा होता आणि केसांना धुराचा वास. तो वास अजून गेलेला नाही.

मजकूर अजून खणातच आहे. संपादकाला बढती मिळाली. ते घर या उन्हाळ्यातही भरलेलं आहे, असं ऐकतो.

चिंगीला अजून अक्षरओळख नाही. पण रोज सकाळी दारात वर्तमानपत्र पडलं की माझ्या आधी ती उठते. जमिनीवर पसरते. प्रत्येक पानावरून, प्रत्येक रकान्यावरून सावकाश बोट फिरवते, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मान वर करते आणि माझ्याकडे बघते. ती नजर चार वर्षांच्या पोरीची नसते.

"आज पण नाही, आजोबा," ती म्हणते.

आणि उघडा तळहात फरशीवर आपटते. दोनदा.

मग आम्ही दोघं कान देऊन बसतो. आजकाल उत्तर रोज जरा जवळून येतं.