सोळावं मत

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. आमच्याच बंदरात. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, १८६८ च्या जूनमध्ये. आणि तेही भर दुपारी.

कॅप्टन ट्रेवोरो वीस वर्षं जहाजावर होते. मग प्रांताच्या सभेत निवडून आले. त्या दिवशी मतदान होतं, काळ्या खडकावर दीपगृह बांधायचं की नाही.

त्याच खडकावर त्यांचं जहाज फुटलं होतं. त्यांचा दुय्यम अधिकारी डन्स्टन रो पोहत कॅप्टनच्या होडीपर्यंत आला होता. होडी गच्च भरलेली. अंधारात कॅप्टननी त्याची बोटं काठावरून सोडवली...

एकेक करून.

चौकशीत सांगितलं, रो आधीच वाहून गेला.

तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नसे. दीपगृह झालं तर तो विषय पुन्हा निघेल, एवढंच कळत होतं.

कारकून गिलख्रिस्ट एकेक नाव पुकारत गेला. शेवटचं नाव कॅप्टनचं.

"विरोधात."

सात विरुद्ध आठ. ठराव पडला.

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून...

"बाजूने."

सगळ्यांनी ऐकलं.

"कोण बोललं रे?" सभापती खेकसले. "सभासद पंधराच ना? मग तू लिहितोयस काय?"

गिलख्रिस्ट गेल्याच महिन्यात स्कॉटलंडहून आलेला, रोचं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "नाव सांगितलं त्यांनी, साहेब. डन्स्टन रो."

कॅप्टननी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"माझं मत बदला," ते म्हणाले. "बाजूने."

दीपगृह झालं. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्यांच्या बायकोने, केझियाने विचारलं, "आता तरी बरं वाटतंय का हो?"

"काहीच वाटत नाही."

पण आवाज थांबला नाही...

प्रत्येक मतदानाला तो आधी यायचा. आता फक्त कॅप्टनना ऐकू यायचा. तो म्हणेल तेच ते म्हणायचे. लोक म्हणत, म्हातारा निवळला.

शेवटी त्यांनी राजीनामा दिला. त्या दुपारी केझियाने मटणाचं सूप वाढलं.

"अजून घेणार?"

कॅप्टन तोंड उघडणार, तोच शेजारून...

"हो."

केझियाने वाडगा भरला आणि रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"अगं, तिथे कुणाला?"

"त्यांनी मागितलं ना," ती म्हणाली.



ते घर आजही आमच्या गल्लीत आहे. चांगली माणसं राहतात. जेवायला बोलावतात.

मी जात नाही.