पाच छिद्रांचं कार्ड

"हे माझ्या बाबांचं कार्ड नाहीच!"

लॉर्ना हौगनने काचेची चौकट टेबलावर अशी आदळली की एल्डनच्या कॉफीने कपाबाहेर उडी मारली.

व्हर्ना टोलेफ्सन मात्र जागची हलली नाही. शेरीफच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली ही बाई आता खासगी तपास करायची. तिच्या बहिणीचा नवरा एल्डन, गुरांचा निवृत्त डॉक्टर, तिची गाडी चालवायचा. तपासात त्याची मदत म्हणाल, तर तेवढीच!

"एकोणनव्वद साली बाबांनी पन्नास यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या," लॉर्ना म्हणाली. "पाचही छिद्रं एकमेकांना चिकटलेली. विक्रम! तेव्हापासून कार्ड क्लबच्या भिंतीवर आहे. पॉइंट बावीस बंदुकीच्या गोळीच्या शिशाची करडी कडी होती प्रत्येक छिद्राभोवती. मी खुर्चीवर चढून काचेवरून बोट फिरवायचे. आता ती कडी कुठे गेली?"

"तू होतीस तिथे?"

"पाच वर्षांची. आठवतं काय, तर बाबांच्या लोकरी कोटाचा वास, गालाला गार लाकूड आणि धडाम्! बस." ती थांबली. "अठराव्या वर्षी भांडून गेले, ते थेट त्यांच्या अंत्यविधीला परतले. मला कधी 'शाब्बास' म्हटलं नाही त्यांनी. ते खूश होते अशी ही एकच खूण. उद्या माझं विमान आहे."

व्हर्नाने गुण मोजायची पॉइंट बावीसची खुंटी कडेच्या छिद्राला लावली. आत जाईना.

"कागद जुना, सही जुन्या वळणाची," ती पुटपुटली. "छिद्रं मात्र बारीक. पॉइंट सतराची."

चौकटीच्या किल्ल्या क्लबच्या तिघांकडेच होत्या.

क्लबचा चिटणीस बॉइड वैतागला होता. "सोमवारी कार्ड विक्रमाच्या पडताळणीला राजधानीत जायचंय! चौकटीतून काढून दोन्ही बाजूंनी तपासणार आहेत. आणि सतरा? ते पोरांचं खेळणं मी घरातसुद्धा घेत नाही."

अध्यक्ष डेल खो खो हसला. "बावीसची गोळी वाऱ्यात म्हातारीच्या टोपीसारखी भरकटते, बाई! सतरा म्हणजे सुसाट. शंभर यार्डांवरची गोफर खार गेलीच म्हणून समजा. पण माझी सतरा मार्चपासून दुरुस्तीला पडलीय. विचारा बंदूकवाल्याला."

एल्डनने विचारलं. खरं होतं.

तिसरा म्हातारा वेंडेल, लॉर्नाच्या बाबांचा, अर्विड हौगनचा, जिवलग. विक्रमाचा साक्षीदार म्हणून कार्डावर सही त्याचीच. लॉर्नासकट तिघं त्याच्या स्वयंपाकघरात बसली, तेव्हा त्याने आंबट चेहरा करून रूबार्बच्या देठांची पेस्ट्री कापली. सुरी थरथरत होती.

"सतरा? छे! उभ्या जन्मात हात नाही लावला. निशाणाला बावीसच. संथ, शहाणी."

खिडकीत वाऱ्याने काहीतरी किणकिणलं. "मजेशीर आहे हो!" एल्डन म्हणाला. "पितळेच्या इवल्या बाटल्याच जणू!"

व्हर्नाने सुरी खाली ठेवायला लावली.

"एल्डन, आज तू कमालच केलीस! बावीसची रिकामी पुंगळी सरळ असते, नळकांड्यासारखी. सतराचा गळा बाटलीसारखा आवळलेला असतो. वेंडेल, तुमच्या खिडकीत सतराच्या तीसेक पुंगळ्या टांगल्यात."

म्हाताऱ्याने पेस्ट्रीची ताटली बाजूला सारली.

"डेलची बंदूक दुरुस्तीला. बॉइड सतरा बाळगत नाही. आणि ही गोळी बाजारात आली दोन हजार दोनमध्ये. एकोणनव्वदच्या कार्डात ती शिरेल कशी? हे तुम्हालाही ठाऊक होतं. मग बावीसच का नाही वापरलीत?"

"वापरली ना," वेंडेल हळूच म्हणाला. "वीस जुनी कोरी कार्डं वाया घालवली. हे हात ऐकत नाहीत गं. त्या वाऱ्यात सतराच तेवढी सरळ गेली."

"पण का, वेंडेलकाका?" लॉर्ना ओरडली.

"कारण मागची बाजू तपासणार होते," व्हर्ना म्हणाली. "लॉर्ना, उघड्या मैदानावर पाच वर्षांच्या पोरीच्या गालाला गार लाकूड कशाचं लागेल?"

लॉर्नाचा हात आपोआप गालाकडे गेला. "बंदुकीच्या दस्त्याचं..."

वेंडेलने पिठाच्या डब्यामागून खरं कार्ड काढलं. छिद्रांभोवती करडी कडी. मागे अर्विडचं गिचमिड अक्षर: *पाचवी गोळी लॉर्नाची. माझ्या चारांपेक्षा मधोमध.*

"पाचही त्याच्याच म्हणून मी साक्षीदाराची खोटी सही केली," तो म्हणाला. "त्याला फसवा म्हटलं असतं लोकांनी. मला नाही सोसवलं."

लॉर्नाने काचेविना, पहिल्यांदाच, त्या कडीवर बोट फिरवलं. बोट करडं झालं.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगणार होता. दर नाताळला म्हणायचा, या वर्षी येईल ती, तेव्हा सांगतो."

एल्डन नाक शिंकरत बाहेर गेला. बॉइडला काय सांगायचं, हे व्हर्नाने विचारलंच नाही.

"मी सांगेन त्यांना," लॉर्ना म्हणाली. "विक्रम खोडा म्हणून. कार्ड मला द्या." मग ती वेंडेलकडे वळली. "काका, तेव्हा वारा होता?"

"होता की, जोराचा. तू बघितलाच नाहीस. ट्रिगर दाबून झाल्याबरोबर मान वळवून बापाकडेच बघत बसलीस."