अठरावा हात

कुलूप बाहेरून होतं, आणि आत लाठी फिरत होती.

चेतना तालमीच्या पायरीवरच थबकली. सूंऽ... सूंऽऽ... क्षणभर शांत... पुन्हा सूंऽ. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर भर दुपारी बाराला कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रे तडतडत होते. खालून मेट्रो गेली, तिची घरघर विरली, तरी आतला आवाज तसाच चालू.

घामानं तिच्या हातातली किल्ली निसटली. ती उचलायला वाकली, तर दुसराच एक हात आधी किल्लीपाशी पोचला.

"आत कोणीतरी आहे ना?" हाताच्या मालकानं हळू आवाजात विचारलं.

तिशीचा असेल. उंच, सावळा, डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण. चेतनानं त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"कुलूप दिसत नाही का?"

"दिसतंय की. पण ऐकूपण येतंय."

"तुम्हालाही?" तिच्या तोंडून निघून गेलं. गेले कित्येक दिवस तिला वाटत होतं, हा आवाज आपल्या एकटीच्याच कानात आहे.

त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. बोटं बर्फासारखी गार होती... एवढ्या उन्हात. "उघडा. मी मागे आहे."

"मागे? वा! पुढे व्हायचं सोडून?"

"माझी आई मालवणची आहे. बाराच्या ठोक्याला बंद दार आपण उघडू नये, दुसऱ्याला उघडू द्यावं, असं शिकवलंय तिनं."

भीतीतही तिला हसू आलं. तिनं दार ढकललं.

तालीम रिकामी होती. तांबडी माती, भिंतीला ओळीनं लावलेल्या लाठ्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ. काहीच हललेलं नव्हतं. फक्त पत्र्याच्या फटीतून उतरलेल्या कवडशात धूळ गरगर फिरत होती, कुणीतरी आत्ता, या क्षणी, लाठी थांबवून बाजूला सरल्यासारखी.



ही तालीम धोंडिराम वस्तादांची. श्रावणात ते गेले, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. चेतना आठ वर्षं त्यांच्या हाताखाली होती. पहाटे पाचपासून ती घाटकोपरभर घरोघरी जाऊन तपासणीसाठी लोकांचं रक्त घ्यायची, अकराला मोकळी झाली की टेकडी चढायची. वस्ताद गेल्यावरही तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

"मी केयूर परब," तो म्हणाला. "सिनेमाच्या नादापायी नऊ वर्षांपूर्वी इथून हाकलून दिलेला. आता अंधेरीला सिनेमात मारामाऱ्या करतो. म्हणजे हीरोच्या ऐवजी मी पडतो. वस्ताद गेल्याचं मला परवा कळलं."

"अच्छा... म्हणजे 'तो' तुम्ही! वस्ताद नाव नाही घ्यायचे. 'तो' म्हणायचे."

"आणि पुढे शिव्या?"

"शिव्या नंतर. आधी उसासा."

केयूरनं मान खाली घातली. वाकून त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली. चेतनाला उगीचच वाटलं, या माणसाला आत्ता एकटं सोडू नये.

म्हणून तिनं लाठी उचलली आणि रोजचा सराव सुरू केला. वस्तादांनी तिला अठरा हात शिकवले होते. अठरा वार, एकाला एक जोडलेले. पण ते सगळे हवेत. समोर कधीच कुणाला उभं केलं नाही. "वस्ताद, मारायचं कुणाला?" असं विचारलं की म्हणायचे, "तू मारत राहा. येईल."

तिनं पहिला वार सोडला, आणि टक्!

लाठीवर लाठी बसली होती. केयूर समोर उभा होता, भिंतीवरची लाठी कधी हातात आली ते त्यालाही कळलं नसावं.

"हा वार तुला कुणी शिकवला?" त्यानं एका दमात विचारलं. 'तुम्ही' कुठल्याकुठे गळून पडलं.

"वस्तादांनी. आणि हा बचाव तुला?"

"त्यांनीच. पण... समोर वार करणारं कोणी नसायचंच. चार वर्षं मी हवेला अडवत होतो, यार."

दुसरा वार, टक्. तिसरा. सहावा. जणू दोघं रोज एकत्र खेळत आले होते.

दारात वनमालाकाकू उभ्या होत्या. वस्तादांच्या पत्नी, मागच्याच खोलीत राहायच्या. पदरानं तोंड दाबून त्या बघत होत्या.

"आलास रे?" त्या केयूरला म्हणाल्या. मग पायरीवर बसल्या. "एकाला वार, एकाला बचाव. दोन्ही एकालाच दिले तर तो माजतो, असं त्यांच्या वस्तादांचं सांगणं होतं. तुमचे अठरा हात एकदा तरी जोडीनं बघायचे होते त्यांना. तुला हाकललं आणि मग आतल्या आत कुढत राहिले. दहाव्याला आम्ही तीन तास बसलो पोरांनो, कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा करावा लागला." त्यांनी रिकाम्या तालमीकडे बघितलं. "रोज दुपारी लाठी फिरवतात. मला झोप लागत नाही. सर्वपित्रीच्या आत पुरे करा रे ते हात."

पितृपंधरवडा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते.

रोज बाराला केयूर यायचा. शूटिंग असलं तर मधल्या सुट्टीत मेट्रो पकडून, चेहऱ्यावर खोट्या रक्ताचे ओघळ तसेच घेऊन.

"पुस ते," चेतना म्हणायची. "खऱ्या रक्ताचा रंग असा नसतो."

"तुला माहीत असणारच. माझं कधी घेणार?"

"सुई बघून रडशील."

"तू हात धरणार असलीस तर रडेन की. झकास रडेन."

ती वळून माठाकडे जायची. तहान लागलेली नसायची, पण कानशिलं तापलेली असायची.

वस्तादांची शिस्त दोघांच्याही अंगात मुरली होती. लाठी मुठीत आवळायची नाही. टाच उचलली की पाठीमागून काठीचा हलका टोला, "टाच!" समोरच्याचे डोळे बघायचे नाहीत, श्वास ऐकायचा. आणि शेवटी सगळे हात डोळे बांधून, पूर्ण ताकदीनं. ऐनवेळी मागे घेतलेला वार म्हणजे खोटेपणा, असं ते म्हणायचे.

सतरा हात जुळले. अठरावा मात्र केयूर रोज टाळायचा. "तो डोळे बांधूनच करायचा, एकदाच. नियम आहे."

चेतनानं विश्वास ठेवला. त्याचा श्वास तिला आता पाठ झाला होता. चौथ्या वाराला तो किंचित अडकायचा, नवव्याला लांब सुटायचा. पहाटे लोकांच्या दंडाला रबर बांधतानाही तिला तोच आठवायचा... आणि समोरचा आजोबा विचारायचा, "पोरी, हसतेस का गं?"

पण दोघं खेळून थांबले की तालमीत आणखी कोणीतरी थांबल्यासारखं वाटायचं. एकदा माठावरचं झाकण बाजूला होतं. एकदा मातीत अनवाणी पाऊल उमटलं होतं... त्या दोघांच्याही पावलांहून रुंद.

सर्वपित्री अमावास्येची दुपार आली. काकू बाहेर पायरीवर बसल्या. केयूरनं चेतनाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. गाठ मारताना त्याची बोटं तिच्या मानेवर थोडी जास्तच रेंगाळली.

"केयूर..."

"हं?"

"काही नाही. नंतर."

केयूरनं आपल्याही डोळ्यांवर पट्टी ओढली. पहिला वार. टक्. अंधारात फक्त लाठ्यांचा आवाज आणि दोन श्वास. पाच. आठ. दहा...

अकराव्याला तिच्या लक्षात आलं. श्वास तीन होते.

तिसरा संथ होता, शेवटी शीळ घालणारा. थंडीत वस्तादांना दमा उसळायचा तेव्हा असाच यायचा. चेतनाची टाच नकळत उचलली गेली, आणि पाठीमागून टाचेवर एक हलका टोला बसला.

ती थांबली नाही. थांबणं शक्यच नव्हतं. पंधरा. सोळा. सतरा, टक्! ती गिरकी घेऊन वळली आणि अठरावा वार, कानशिलावरचा, अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी सोडला.

"बस!"

लाठी कशालाच न अडता हवा कापत गेली.

तिनं पट्टी ओरबाडून काढली. केयूर मातीत उकिडवा बसला होता, त्याची पट्टी गळ्यात आलेली, चेहरा पांढराफटक.

"लागलं?"

"केसांना." तो हसायचा प्रयत्न करत होता. "म्हणजे अठराव्याला खाली बसायचं असतं तर! मला माहीतच नव्हतं."

"म्हणजे?"

"मला सतराच शिकवले होते. अठरावा शिकायच्या आधीच हाकललं."

चेतनाच्या हातातून लाठी गळाली. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मूर्ख आहेस का तू? जो वार येत नाही त्याच्यासमोर डोळे बांधून उभा राहिलास? सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू तो वार मारला असतास?"

"नाही!"

"मग त्यांचं काय झालं असतं?"

"आणि तुझं डोकं फुटलं असतं तर माझं काय झालं असतं?"

शब्द सुटून गेले. परत घेता येण्यासारखे नव्हते.

"काय झालं असतं तुझं?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तिनं हात पुढे केला. "रोज तीस माणसांना सुई टोचते मी. हात कधी हलला नाही. आता बघ."

हात पानासारखा थरथरत होता. केयूरनं तो दोन्ही हातांत धरला.

"बरं झालं तू 'बस' म्हणून ओरडलीस."

चेतनानं मान हलवली. "मी... मी तोंडच उघडलं नाही, केयूर."

तालमीत एकही आवाज नव्हता. बाहेर काकूंचं रडणं मात्र ऐकू आलं. दाबून धरलेलं नाही, मोकळं, बऱ्याच दिवसांनी सुटलेलं.

केयूरनं तिचा हात सोडला नाही. "नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या जागी मार खातोय," तो म्हणाला. "शेवटी हीरो मुलीला घेऊन जातो, मी बर्फाची पिशवी घेऊन घरी जातो. आज पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या जागी उभा होतो. तुझ्यासमोर. मला... मला तिथून कुठे जायचं नाहीये, चेतना."

"मग जाऊ नकोस," ती म्हणाली.

आणि त्याच्या केसांत उडालेली माती ती झटकू लागली. माती केव्हाच निघून गेली, तरी तिनं हात काढला नाही.