कार्डाची मागची बाजू

कार्डांच्या कपाटाचा खण कधी पूर्ण बाहेर काढायचा नसतो. अर्धा ओढायचा, हवं ते कार्ड बघायचं, परत ढकलायचा. त्या सकाळी मी ग्रंथालयात आले तर एक अनोळखी माणूस खाली बसलेला... मांडीवर खण, हातात कार्डं ओवून ठेवणारी खणातली सळई आणि फरशीभर कार्डं!

"सळई का काढलीत?"

"कार्ड बाहेर येत नव्हतं."

"येऊ नये म्हणूनच ती असते."

तो आमची कार्डं संगणकावर चढवायला आलेला इंजिनिअर होता. काम झालं की कार्डं रद्दीत जाणार होती, हे त्याच्याकडूनच कळलं; आमच्या साहेबांनी मला सांगितलंच नव्हतं. राग साहेबांचा, निघाला मात्र त्याच्यावर.

गुडघे टेकून आम्ही कार्डं लावायला बसलो. थोड्या वेळाने तो गालातल्या गालात हसू लागला. हातातल्या कार्डावर पुढे पुस्तकाच्या नावाखाली छापील विषय होता, 'कौटुंबिक संबंध'. मागे माझी पेन्सिल: 'सासू शेवटी चांगली निघते ते'. वाचक ज्या शब्दांत पुस्तक मागतात ते शब्द मी आठ वर्षं असेच त्या-त्या कार्डामागे टिपत आले होते.

"कौटुंबिक संबंध द्या असं आजवर कुणी म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "आणि तुमच्या यंत्रात जाणार फक्त पुढची बाजू."

साहेबांचा हुकूम तसाच होता. त्याने ते कार्ड पुन्हा एकदा उलटून वाचलं.

पुढचे पाच आठवडे तो माझ्या समोरच्या टेबलावर होता. चहा पार गार करून प्यायचा. आज कोणी कोणत्या शब्दांत पुस्तक मागितलं, असं रोज विचारायचा आणि मी रंगवून सांगायचे. त्याची नजर वर आली की माझी रजिस्टरात. मी उगाचच इस्त्रीचे कपडे घालू लागले. तो आवडला होता मला, सरळच सांगते. पण कार्डांचं दुःख होतंच, आणि त्याच्या जाण्याचंही त्यात मिसळलं होतं.

शेवटच्या दिवशी साहेब यंत्र बघायला आले. तेवढ्यात नेहमीचे आजोबा काउंटरवर टेकले. "ते द्या हो, दोन भाऊ बोलत नाहीत ते."

साहेब हसले. मी मात्र हट्टाने तेच शब्द टाइप केले... आणि पुस्तक आलं! कपाट तीन, फळी दोन. आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. माझे मात्र डोळे भरून आले.

साहेब बघत राहिले, मग म्हणाले, असंच राहू द्या.

ते गेल्यावर मी विचारलं, "सगळ्या मागच्या बाजू?"

"रोज जेवणाच्या सुट्टीत. सहा हजार बारा." तो थांबला. "एक सोडून."

त्याने खिशातून कार्ड काढलं. 'संगणक परिचय'. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याच्या मागे लिहिलं होतं आणि साफ विसरले होते: 'चहा गार करून पितो. हसला की बरं वाटतं. पुन्हा यावा.'

"हे सगळ्यांना सापडायला नको होतं," तो हळूच म्हणाला. "मला सापडलं तेवढं पुरे. पण एक अडचण आहे... पुन्हा यायचं तर आधी जावं लागेल. आणि मला जायचं नाहीये."

मी कार्ड घेतलं, पेन्सिलीने शेवटचे दोन शब्द खोडले आणि त्याच्या हातात परत दिलं.

"मग बसा," मी म्हणाले. "चहा सांगते. आज गरम प्या."