अच्छाडहून आणलेलं कपाट

आधीच सांगतो, हे सगळं मला जसंच्या तसं आठवतंय असं समजू नका. आणलं तेव्हा कपाट हिरवं होतं की निळं, इथपासूनच माझी पंचाईत. मागे एकदा ही गोष्ट सांगताना मी हिरवं म्हणालो आणि घरी आल्यावर रात्रभर वाटत राहिलं, निळंच होतं. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मुलांना सांगत आलो की डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. आणि इथं तर मी त्या वेळी हजरही नव्हतो. ज्यांच्यावर गुदरलं त्या तिघांकडून ऐकलं, वेगवेगळ्या वेळी. तिघांचं जिथं जुळतं तेवढंच सांगतो, एकाचंच असेल तिथं तसं म्हणेन. श्रुतिका, ओटीवरचा दिवा राहू दे. अदिती, तू हवं तर इकडे सरक.

सरावलीत आमच्या घरामागे वसुमतीबाई राहतात. शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त. यजमान लवकर गेले. मुलगा प्रितेश तलासरीकडच्या शाळेत शिक्षक आणि सून मयुरा, बोर्डीची. या मयुराला एक नाद होता. जुनं, लोकांनी टाकलेलं लाकडी सामान आणायचं, काचपेपरनं घासायचं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, प्रायमर मारायचा आणि वर असा काही रंग द्यायचा की ओळखू येऊ नये. शाळेतून मोडीत काढलेला बाक तिनं पिवळा करून ओटीवर ठेवला होता. मी त्यावर बसून चहा पीत असे.

वसुमतीबाई टोमणा मारायच्या, लोकांच्या सुना सोनं बघत फिरतात, आमची भंगार बघत फिरते.

मयुरा म्हणायची, "आई, सोन्याला रंग देता येत नाही ना."

तिला दिवस राहिले तेव्हा वसुमतीबाईंनी घरात नियम सांगितला. पोटातल्या बाळासाठी आधी नवं काही आणायचं नाही. बाळ आलं की त्याला पहिलं जुनेरच गुंडाळायचं, कुणाचं तरी वापरलेलं, मऊ झालेलं. जुनं बाळाला मानवतं. मयुरानं तो नियम लगेच उचलला. मग बाळाचं कपाट मी जुनंच आणते, म्हणाली. बाईंना आपल्याच बोलण्यानं गप्प बसावं लागलं.

तर जानेवारीतल्या एका रविवारी दोघं टेम्पो घेऊन अच्छाडला गेली. नाक्याजवळ, हायवेला लागून, एका धाब्याच्या मागे चिमणभाईंची शेड होती. घरं रिकामी होतात, हॉटेलं बंद पडतात, त्यांचं सामान तिथं येऊन पडायचं. चिमणभाई विकायला ठेवलेल्या सोफ्यावरच झोपले होते. प्रितेश त्यांची नक्कल छान करायचा. "सागवान छे, बेन. तुमच्या छोकराचा छोकरा पण वापरेल." कुठून आलं विचारलं तर म्हणाले, एक घर खाली झालं. कुठलं घर, ते सामान आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला ठाऊक.

कपाट पुरुषभर उंच, एकाच रुंद दाराचं. बाहेरून पितळी कडी, जड. दार लोटलं की आपसूक कोयंड्यात पडायची. आत फळी नव्हती. फळ्या आपण बसवू, मयुरा म्हणाली. प्रितेशला तेव्हाच एक दिसलं होतं, पण तो बोलला नाही. आत फळी कधी बसवल्याची खूणही नव्हती. ना खिळ्याचं भोक, ना पट्टी. सामान ठेवायला ते कधी वापरलंच नव्हतं.

मयुरानं ते मागच्या खोलीत ठेवलं आणि घासायला घेतलं. एका रंगाखाली दुसरा, त्याखाली तिसरा. बाहेरून सगळं सपाट. दाराच्या आतल्या बाजूला मात्र, खाली, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, एक जागा खोलगट लागली. तळहाताएवढी. देवळाचा उंबरठा झिजतो तशी झिजलेली, गुळगुळीत. मयुरानं मला बोलावून दाखवली. मी बोटानं चाचपली. प्रत्येक थराचा रंग त्या खोलगट जागेतही होता. म्हणजे जागा झिजली, कुणी रंग दिला, ती पुन्हा झिजली, पुन्हा रंग दिला.

मी म्हणालो, पाय लागत असेल कुणाचा. आतल्या बाजूला पाय कसा लागेल, हे मला घरी आल्यावर सुचलं.

मयुरानं तिथं लांबी भरली. सकाळी लांबी भुगा होऊन खाली पडलेली. समुद्राची दमट हवा, लांबी धरली नसेल, असं मीच तिला समजावलं. तिनं पुन्हा भरली. पुन्हा भुगा. शेवटी तिनं नाद सोडला आणि खड्ड्यावरूनच रंग द्यायचं ठरवलं.

आता तुम्हाला ते दिवस आठवणार नाहीत, तुम्ही ठाण्यात होतात. २०१८चा नोव्हेंबर उलटला आणि डहाणू-तलासरीत जमीन हलायला लागली. आधी जमिनीतून गुरगुर, मग भांडी वाजायची, दारं खडखडायची, की माणसं बाहेर. रात्रीसुद्धा. थंडीत लोक अंगणात ताडपत्री बांधून झोपायचे. प्रितेश शाळेत मुलांना रोज शिकवायचा, हललं की जवळच्या दारानं बाहेर पडा, मागे वळू नका. तोच नियम त्यानं घरी लावला. ज्याला जे दार जवळ त्यानं त्या दारानं निघायचं. मयुराला मागचं, बाकीच्यांना पुढचं. हलणं थांबेपर्यंत कुणी कुणाला शोधायला आत यायचं नाही. घर डोक्यावर पडलं तर दोन जीव जाण्यापेक्षा एक बरा, असा त्यामागचा हिशोब. शहाणपणाचाच होता.

कपाट आल्यापासून त्यांचं घर जास्तच हलायला लागलं. संध्याकाळी दार खडखडलं की तिघं अंगणात. आम्हाला मात्र काही जाणवायचं नाही. मी त्यांना पायाचा फरक, जमिनीतला खडक, असलं काहीबाही सांगितलं. पटलंही त्यांना.

मग ती रात्र. पौष अमावास्या, सोमवार. चार फेब्रुवारी, २०१९. तारीख मी नंतर पंचांगात पाहून घेतली आहे, तेवढी पक्की धरा.

दुसऱ्या दिवशी मयुराचं डोहाळजेवण. सातवा महिना. बोर्डीची माणसं येणार, त्यांना तिला तयार कपाट दाखवायचं होतं. जेवणं झाली, साडेनऊ वाजले असतील. तिनं तोंडाला ओढणी बांधली, मागच्या खोलीत गेली. कपाटाचा आतला तळ आणि मागचा खालचा कोपरा राहिला होता. बाहेरून वाकलं की पोट आड येत होतं. म्हणून तिनं आत पाट ठेवला आणि त्यावर बसून ब्रश चालवायला लागली. दार उघडं. वर बल्ब.

वीज गेली.

आणि दार लागलं.

वारा नव्हता, असं ती म्हणते. मी त्या रात्री माझ्या ओटीवर होतो, मलाही वारा आठवत नाही. पण माझ्या आठवणीवर जाऊ नका.

कडी पडल्याचा आवाज तिनं ऐकला. लगेच सगळं दार खडखडलं. पुढच्या खोलीत प्रितेशनं तो आवाज ऐकला आणि ओरडला, "हलतंय! मयुरा, मागून बाहेर!" वसुमतीबाईंचे गुडघे धरलेले. त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच अंगणात नेलं.

अमावास्या. समोरचा माणूस दिसेना. दोघं चिकूच्या झाडाखाली उभे राहिले. आतून आवाज येतच होता. खड, खड, खड. बाई म्हणाल्या, मयुरा मागं असेल. प्रितेशनं हाक मारली. उत्तर नाही. पण मागचं अंगण घराच्या पलीकडे, हाक पोचली नसेल. जावं का बघायला? घराला वळसा घालायचा तर भिंतीच्या कडेनं जावं लागणार, आणि घर तर अजून हलत होतं. नियम त्याचाच.

दोघं उभेच राहिले.

तेवढ्यात शेजारची बायजा आली. नळाला रात्री पाणी यायचं, ती घागर भरून घरी चालली होती. हातात टॉर्च. यांना असं उभं पाहून थांबली.

"बाहेर का उभे, मास्तर?"

"हलतंय ना."

बायजानं घागर खाली ओट्यावर ठेवली. काठोकाठ भरलेली. टॉर्च त्यावर धरला आणि म्हणाली, "कुठं हलतंय?"

पाणी आरशासारखं होतं. एक रेघ नाही.

आतून आवाज चालू. खड, खड, खड.

तिघंही त्या पाण्याकडे बघत राहिले...

आणि आवाज एकदम थांबला. प्रितेश धावला.

अदिती, भीती वाटत असेल तर थांबतो. नाही? बरं.

आता मयुरानं जे सांगितलं ते. तिनं हे मला एकदाच सांगितलं, बाळंतपणानंतर.

दार लागल्यावर तिनं आधी ढकललं. मग हाका मारल्या. ओल्या रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास घशात बसलेला, आवाज फुटेना. तळव्यांनी दार बडवायला लागली. बाहेर प्रितेशचा आवाज तिला ऐकू येत होता. सासूबाईंचाही. मयुरा मागं असेल, हे वाक्य तिनं ऐकलं. म्हणून आणखी जोरात बडवलं. ते येईनात. आणखी जोरात. तरी येईनात.

मग तिच्या लक्षात आलं. मी बडवतेय म्हणूनच ते येत नाहीत.

श्वास पुरेना. आणि पोटात, जे पोर संध्याकाळपासून लाथा मारत होतं, ते गप्प. तिनं पोटावर हात ठेवला. काही नाही. दाबून पाहिलं. काही नाही. आपण मेलो तरी चालेल, पण हे... असं काहीतरी ती मनात म्हणत होती.

तिनं ठरवलं, थांबायचं. आवाज बंद झाला की ते येतील.

तिनं दोन्ही हात दारावरून काढून मांडीवर ठेवले.

आवाज थांबला नाही.

खड. खड. खड.

तिच्या गुडघ्याजवळून. दाराच्या खालच्या भागातून. आतून.

हळू. एका लयीत. घाई नसलेलं. फार दिवस ठोकत आलेलं कुणी ठोकतं, तसं.

ती हलली नाही. किती वेळ, तिला माहीत नाही. मग ती बोलली. का बोलली, हेही तिला सांगता येत नाही.

"ठोकू नकोस. ठोकलं की ते येत नाहीत."

खड.

"माझं ऐक. थांबलास की येतील."

...थांबलं.

शांत झालं सगळं. बाहेरही, आतही. मयुरानं अंधारात एक हात खाली नेला, जिथून आवाज येत होता तिकडे. आणि...

पुढचं तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मग एवढंच म्हणाली, आणि पोटात बाळ हललं.

प्रितेशनं कडी काढली. बायजाचा टॉर्च त्याच्या हातात होता. मयुरा पाटावर बसलेली, एक हात पोटावर. दुसरा खाली, कोपऱ्यात, मूठ अर्धवट मिटलेली. हाताच्या पंजाला रंग. प्रितेश तिला उचलायला वाकला.

ती म्हणाली, "हळू. आधी त्याला बाहेर येऊ दे."

प्रितेशनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरकला. का सरकलास, मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, सर, तुम्हीही सरकला असतात. त्याला काही दिसलं नाही. कुणालाच नाही. मयुरा थोडा वेळ तशीच बसली. मग मूठ सोडली आणि उठली.

वसुमतीबाईंना ते कपाट जाळायचं होतं. मयुरानं जाळू दिलं नाही. दार काढा, म्हणाली, कपाट राहू दे. दार बाईंनी पाणी तापवायच्या चुलीत घातलं. बिनदाराचं कपाट अजून मागच्या खोलीत आहे. रंगही तिनं पुरा केला.

मे महिन्यात मुलगी झाली. रोशनी. सुखरूप. त्या रात्रीबद्दल घरात पुन्हा बोलायचं नाही असं तिघांनी ठरवलं, आणि पाळलं. मीही बरीच वर्षं ते सगळं वास, अंधार आणि घाबरलेलं मन यांच्या खात्यावर टाकून ठेवलं होतं. टर्पेंटाइनच्या वाफेनं भास होतात, हे मला पुस्तकातून दाखवता येईल. बायजाच्या घागरीचं काय करायचं, ते मात्र सुचत नाही.

जमीन हलायची पूर्ण थांबलेली नाही. मधूनमधून एखादा धक्का बसतो. गेल्या वर्षी, भरदुपारी, मी त्यांच्या ओटीवर पिवळ्या बाकावर बसलो होतो. कप बशीत वाजला. सगळे अंगणात धावले, मीही. मयुरा, प्रितेश, बाई. रोशनी नव्हती. पाच वर्षांची पोर. प्रितेशनं या वेळी नियम मोडला, सरळ आत गेला, आणि मी दारातून पाहिलं.

ती स्वयंपाकघरात होती. ओट्याखालचं दार उघडत होती. मग पुढच्या खोलीत आली, लोखंडी कपाट उघडलं. मग आजीचं देवाच्या सामानाचं छोटं कपाट. धावत नव्हती. प्रत्येक दार पूर्ण उघडायची, जरा बाजूला व्हायची, थांबायची. मग पुढचं. सगळी उघडून झाल्यावर बाहेर आली आणि आईचा पदर धरला. बाई मला हळूच म्हणाल्या, दरवेळी असंच करते, चालायला लागल्यापासून.

मी मयुराला विचारलं. प्रितेशला विचारलं. वसुमतीबाईंना विचारलं. तिघांना वेगवेगळं, वेगवेगळ्या दिवशी, आणि खोटं बोलणारी ही माणसं नाहीत. बायजालासुद्धा विचारून आलो.

रोशनीला त्या रात्रीबद्दल कुणीही काहीही सांगितलेलं नाही.